जुन्या गाडीचं डायग्नोस्टिक पोर्ट आणि डॅशबोर्ड : इंदुरातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

माझी 2001 ची मारुती एस्टीम रामबागेत घराच्या ओट्याशी उभी असते. तिचा डॅश मी आतापर्यंत चार वेळा खाली उतरवलाय, आणि त्यातल्या दोन वेळा तो उतरवायची काहीच गरज नव्हती. हे ओळखीपाळखीत पसरल्यापासून कुणी फोटो पाठवतं, कुणी रात्री अकराला फोन करतं. इंदूरचे तर असतातच, पण ग्वाल्हेर-बडोद्याचे पाहुणेही असतात. प्रश्न मात्र तेच ते. म्हणून एकदाच नीट लिहून काढले. सोपे आधी, चमत्कारिक शेवटी. एकच दळण दोनदा नको म्हणून मधे मधे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलंय.

भाषा आमच्या गॅरेजची आहे: पेचकस (स्क्रूड्रायव्हर), पाना, कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड), टेप (गाडीतला स्टिरिओ). स्पीडोमीटरच्या अख्ख्या डब्याला इथे नुसतं 'मीटर' म्हणतात. पुणेकरांनी सांभाळून घ्यावं.

1. डायग्नोस्टिक पोर्ट म्हणजे काय? माझ्या गाडीला ते आहे की नाही, कसं ओळखू?

इंजिनाचा कारभार बघणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीएम, आपल्या तक्रारी आकड्यांच्या कोडमध्ये आत टिपून ठेवतो. त्या बाहेरून वाचता याव्यात म्हणून ठेवलेला कपलर म्हणजे हे पोर्ट. संगणकच नसेल तर पोर्टही नाही. कार्बोरेटरची मारुती 800, प्रीमियर पद्मिनी, जुनी अँबॅसेडर, यांत्रिक पंपाची सुरुवातीची इंडिका डिझेल यांच्यात शोधत बसू नका. सँट्रो 1998 साली आली तीच एमपीएफआय (ईसीएमच्या हुकुमाने पेट्रोल फवारणारं) इंजिन घेऊन. मारुती 800 ला ते 2000 च्या सुमारास मिळालं.

सोपी परीक्षा अशी: चावी 'ऑन'वर आणा, इंजिन सुरू करू नका. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तर गाडीत ईसीएम आहे. नाही लागला तर एक तर ईसीएम नाही, किंवा आधीच्या मालकाने दिव्याचा बल्बच काढून ठेवलाय. गाडी विकताना ही चलाखी करणारे कमी नाहीत.

2. माझी गाडी 2012 ची आहे. तोवर ओबीडी सक्तीचं झालं होतं ना?

इथे बहुतेक जण फसतात. भारतात ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड टिपण्याच्या व्यवस्थेची, सक्ती बीएस-4 (भारत स्टेज) या प्रदूषण नियमांबरोबर आली: पहिला टप्पा एप्रिल 2010 पासून, दुसरा, म्हणजे ओबीडी-2, एप्रिल 2013 पासून. पण बीएस-4 सुद्धा 2010 मध्ये आधी तेराच शहरांत लागू झालं. त्यात मुंबई, पुणे, अहमदाबाद, सुरत होती, एवढंच काय सोलापूरही होतं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा या तेरांत नव्हती. देशभर बीएस-4 लागू झालं ते एप्रिल 2017 मध्ये.

त्यामुळे 2012 ची इंदुरात घेतलेली गाडी बीएस-3 असू शकते, आणि त्याच साली पुण्याच्या मामांनी घेतलेली तीच गाडी बीएस-4. जुळी भावंडं, पण एकीला सगळे कोड बोलता येतात आणि दुसरीला अर्धेच. आरसी बुकवर कुठला बीएस लिहिलाय ते बघा, नुसत्या सालावर जाऊ नका. अमेरिकेतल्या व्हिडिओंतलं '1996 नंतरच्या सगळ्या गाड्यांना' हे वाक्य तिकडच्या गाड्यांपुरतं खरं आहे.

उलटंही घडतं. सक्ती नसताना कंपन्यांनी सोळा पिनांचं पोर्ट बसवलेलं असे. पोर्टचा आकार ओबीडीचा, पण आतली बोली कंपनीची. त्याबद्दल प्रश्न 5 मध्ये.

3. पोर्ट कुठे शोधू? सगळीकडे बघून झालं.

सोळा पिनांचं पोर्ट समलंब आकाराचं असतं, एक बाजू रुंद, एक अरुंद. आधी ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, स्टेअरिंगखालच्या पॅनेलच्या आत बघा. तिथे नसेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे, मग ॲशट्रेखाली, हँडब्रेकजवळच्या कन्सोलमध्ये, शेवटी ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला. पेडलांपाशी डोकं घालून मान अवघडून घेऊ नका. मोबाइलची बत्ती लावा, तो उलटा धरून व्हिडिओ काढा आणि बाहेर ओट्यावर बसून निवांत बघा. माझ्या निम्म्या 'शोधमोहिमा' अशाच संपल्यात.

जुन्या गाड्यांत आणखी एक गंमत असते. कुठल्याशा मेकॅनिकने कपलर ब्रॅकेटमधून ओढून काढलेला असतो आणि परत न बसवता वायरिंगच्या जुडग्यात काळ्या टेपने गुंडाळून टाकलेला असतो. दिसत नसेल तर हाताने चाचपा.

सोळा पिनांचं काहीच नसेल तर वेगळा आकार शोधा. जुन्या होंडांत दोन पिनांचा छोटा कपलर असतो, बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला दडलेला. फियाटचा तीन पिनांचा. जुन्या टोयोटांत बोनटखाली झाकणाचा छोटा डबा असतो. नव्वदीच्या दशकातल्या मर्सिडीझमध्ये बोनटखाली 38 पिनांचं गोल पोर्ट, बीएमडब्ल्यूत 20 पिनांचं गोल. या शेवटच्या दोघांना आकार बदलणारी केबल मिळते, पण केबल आकार बदलते, बोली नाही.

4. पोर्ट सापडलं, कोड वाचणारा स्कॅनरही बसला, पण स्कॅनरचा दिवाच लागत नाही.

स्कॅनर बदलायला धावू नका, फ्यूज बघा. पोर्टला चोवीस तास बॅटरीचा करंट देणारी पिन बऱ्याच गाड्यांत लायटर सॉकेट, टेप किंवा छतावरच्या दिव्याच्या फ्यूजवरच असते. पन्नास रुपयांचा चार्जर सॉकेटमध्ये शॉर्ट झाला की फ्यूज उडतो आणि पोर्टही मुकं होतं. मालकाला चार्जर गेल्याचं ठाऊक असतं, पोर्ट गेल्याचं नाही.

फ्यूज ठीक असेल तर मल्टीमीटर काढा. पोर्टकडे तोंड करून, रुंद बाजू वर धरली तर वरच्या रांगेत डावीकडून 1 ते 8 आणि खालच्या रांगेत 9 ते 16. करंट 16 वर, म्हणजे खालच्या रांगेत अगदी उजवीकडे. अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोडलेली निगेटिव्ह बाजू) 4 आणि 5 वर. लाल वायर 16 ला, काळी 4 ला लावली की बारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. काळी वायर दरवाजाच्या उघड्या बोल्टला लावून बारा दिसले आणि 4 ला लावून नाही दिसले, तर पोर्टची अर्थ गेली. पोर्ट उलटं बसवलेलं असू शकतं, म्हणून आधी रुंद बाजू कुठे ते बघून मग मोजा. मोजताना मल्टीमीटरच्या दोन टोकांचा धातू एकमेकांना टेकला तर नवा फ्यूजही गेला म्हणून समजा.

5. स्कॅनरचा दिवा लागतो, पण मोबाइलवरचं ॲप म्हणतं गाडीशी संपर्क होत नाही.

चावी 'ऑन'वर आहे ना? हसू नका, दहातल्या तिघांचं उत्तर इथेच मिळतं.

त्यानंतर बोलीचा प्रश्न. पोर्टच्या आत बघा, कुठल्या खाचांत धातूची पिन आहे. 6 आणि 14 मध्ये असेल तर बहुधा कॅन नावाची नवी बोली. बाजारातला बहुतेक कुठलाही स्कॅनर चालतो. 6 आणि 14 रिकाम्या आणि 7 मध्ये पिन असेल तर जुनी के-लाइन, म्हणजे आयएसओ 9141 किंवा केडब्ल्यूपी. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इथे माना टाकतात. ते बहुतेक ईएलएम 327 या चिपची नक्कल असतात, आणि '2.1' छापलेल्या कित्येक नकलांना के-लाइन येतच नाही. '1.5' छापलेले बरे निघतात, जरी मूळ कंपनीने 1.5 नावाची आवृत्ती कधीच काढली नव्हती. खोट्यातला त्यातल्या त्यात खरा निवडायचा, असा हा बाजार आहे.

जुन्या सुझुकी गाड्यांत कंपनीची एसडीएल नावाची आपली बोली असे. साध्या ॲपला ती कळत नाही. त्यासाठी जुन्या मारुतींचा वेगळा स्कॅनर असलेला मेकॅनिक गाठा, किंवा प्रश्न 6 मधली बिनखर्चाची पद्धत वापरा. आयफोनवाल्यांनी वाय-फायचा किंवा ब्लूटूथ एलईचा स्कॅनर घ्यावा. साध्या ब्लूटूथचा त्यांना दिसणार नाही.

6. स्कॅनरशिवाय कोड वाचता येतो का? कुणीतरी पेपर क्लिपचं सांगितलं.

येतो, आणि जुन्या मारुतीत तर मला हीच पद्धत आवडते. ठरावीक कपलरमधली 'डायग्नोसिस' पिन अर्थला जोडायची, चावी 'ऑन' करायची, की मीटरमधला इंजिनाचा दिवा लुकलुकून बोलायला लागतो. एक लुकलुक, थोडा विराम, मग दोन लुकलुक म्हणजे 12. सुझुकीत 12 म्हणजे 'माझी काही तक्रार नाही'. नवखे लोक 12 लाच बिघाड समजून पार्ट शोधायला सियागंजच्या बाजारात जातात. होंडात लांब लुकलुक दहाची, छोटी एकाची.

हे सगळं इंजिन बंद ठेवून करायचं. कुठल्या दोन पिना जोडायच्या हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवा, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नाही. चुकीच्या जोडीत क्लिप घातली तर नशीब बरं असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ईसीएम. उघड्या पेपर क्लिपऐवजी दोन टोकांना पिना लावलेली वायर वापरा. कोड मोजताना शेजारी लिहून घेणारा माणूस हवा. पंधरा मिनिटं दिव्याकडे टक लावली की तीन आणि चार सारखेच वाटू लागतात.

7. कोड आला. आता तो सेन्सर बदलून टाकू ना?

थांबा. कोड ही तक्रार आहे, निदान नाही. पोटात दुखतंय म्हटलं की डॉक्टर लगेच पोट बदलत नाहीत.

पी-0171 घ्या. अर्थ एवढाच की इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. तो बिचारा खरं सांगत होता! हवा भलतीकडून आत शिरत असेल, व्हॅक्यूमची नळी वाळून तडकली असेल, पेट्रोल फिल्टर तुंबला असेल, पंपाचं प्रेशर पडलं असेल. वीस वर्षांच्या गाडीत मी आधी रबरी नळ्या चाचपतो. इंदूरच्या उन्हात त्या पापडासारख्या होतात.

माझ्या एस्टीमने एकदा थ्रॉटल सेन्सरचा कोड दिला. मी डॅश उघडला, ईसीएमपर्यंतची वायरिंग तपासली, दोन रविवार घालवले. मग एका म्हाताऱ्या उस्तादांनी बोनट उघडून इंजिनाला बॅटरीशी जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीचा बोल्ट अर्धा फेरा आवळला. खर्च शून्य, फक्त माझी अब्रू गेली. तेव्हापासून कोड कुठलाही येवो, मी आधी हे मोजतो: मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थ खराब. एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले तर हा संशय दुप्पट धरा.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी दोन-चार दिवस चालवा. आधी लिहून घ्या, मग पुसा. उलट क्रमाने केलं तर पुरावा गेला.

8. स्कॅनर कायम लावून ठेवला तर?

16 नंबरच्या पिनमध्ये करंट सदाचाच असतो. स्कॅनर समजा 40 मिलिअँपियर खात असेल तर दिवसाला जवळजवळ एक अँपियर-तास जातो. मारुती 800 ची बॅटरी 35 अँपियर-तासांची. गाडी दोन आठवडे उभी राहिली आणि बॅटरी आधीच थकलेली असली की सकाळी धक्का मारायची वेळ. काम झालं की काढून ठेवा.

9. डॅश उघडायचाच आहे. आधी काय काय करू?

आधी स्वतःला विचारा की नक्की उघडायचाय का. पोर्ट, फ्यूज, अर्थ, मीटरचे बल्ब, टेपच्या वायरी यांतल्या कशालाही अख्खा डॅश उतरवावा लागत नाही. जुन्या डॅशला प्रत्येक वेळी काही तरी इजा होतेच, आणि ती भरून काढायला नवं प्लास्टिक आता मिळत नाही.

तरी उघडायचाच असेल तर टेपला कोड आहे का बघा. काही जुने कंपनी-टेप बॅटरी काढली की कोड मागतात, आणि कोडाचं कार्ड पहिल्या मालकाबरोबर गेलेलं असतं. गाडीच्या चाव्या खिशात ठेवा, सेंट्रल लॉक केव्हा दगा देईल सांगता येत नाही. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहा नंबरच्या पान्याने सोडवून कापडात गुंडाळा. निगेटिव्हच आधी: पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तरी ठिणगी पडत नाही.

प्रत्येक टप्प्याला फोटो. स्क्रू एकत्र टाकू नका. माझ्याकडे शेवेच्या रिकाम्या प्लास्टिक डब्या आहेत (इंदुरात त्यांचा तुटवडा नाही). प्रत्येक पॅनेलची वेगळी डबी, झाकणावर मार्करने नाव. लांब स्क्रू छोट्याच्या जागी गेला तर पलीकडून डॅशच्या पृष्ठभागावर टेंगूळ येतं किंवा वायरिंगला भोक पडतं.

डिसेंबरात सकाळी सातला सुरुवात करू नका. गारठलेलं प्लास्टिक कडक होतं आणि क्लिप काचेसारखी तुटते. पोहे-जिलबी उरकून, गाडीला तासभर ऊन दाखवून मग हात घाला. घाई असेल तर हेअर ड्रायरने पॅनेलची कड कोमट करा, गरम नको.

10. माझ्या गाडीत एअरबॅग आहे. काही वेगळं?

बरंच. ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना जुलै 2019 पासून सक्तीची झाली, पण त्याआधीच्या महागड्या मॉडेलांत ती असायचीच. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ वीज साठून राहते. कंपन्या दीड मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत थांबायला सांगतात. मी पंधरा मिनिटं चहा घेतो. पिवळे कपलर आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी म्हणजे एअरबॅग. त्यांच्यावर मल्टीमीटर अजिबात लावायचा नाही, त्याचा छोटासा करंटही ती उडवायला पुरू शकतो. काढलेली एअरबॅग ठेवताना मऊ, झाकणाची बाजू वर. स्टेअरिंगच्या आत क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगची गुंडाळलेली वायरपट्टी असते. ती मर्यादेबाहेर फिरली की तुटते, म्हणून चाकं सरळ ठेवा.

माझं मत विचाराल तर स्टेअरिंग आणि एअरबॅगचं काम घरी करू नये. बाकी सगळं करा.

11. हत्यारं कोणती लागतात?

फार नाहीत. 8, 10 आणि 12 चे सॉकेट, लांब एक्स्टेंशन, चुंबकाचा दांडा, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट. पट्ट्या नसतील तर कुल्फीच्या रुंद काड्या एकावर एक धरून चालतात. लोखंडी पेचकसाने कड उचकटली तर व्रण जन्मभर राहतो.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. जपानी वळणाच्या गाड्यांतले, म्हणजे जुन्या मारुती, होंडा, टोयोटातले चौफुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. फिलिप्स पेचकस त्यांत बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की उसळून वर येतो आणि डोकं घासून टाकतो. स्क्रूच्या डोक्यावर छोटा ठिपका असेल तर तो बहुधा जेआयएस. तसा पेचकस विकत घ्या, एकदाच घ्यावा लागतो. युरोपियन गाडीत चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात, बहुधा टी-20 आणि टी-25.

12. दिसतील तेवढे स्क्रू काढले, तरी पॅनेल हलत नाही. ओढू का?

नका ओढू. एक तरी स्क्रू दडलाय. ॲशट्रे काढून तिच्या मागे बघा, टेपच्या चौकटीत, ग्लोव्ह बॉक्स पूर्ण खाली पाडून त्याच्या वरच्या कडेला, छोट्या चौकोनी टोप्यांखाली, कोरी बटणं उचकटून त्यांच्या आत. अख्खा डॅश असेल तर दोन्ही दरवाजे उघडून बाजूंच्या टोकांना आणि वर काचेच्या अगदी मुळाशी. काचेजवळचे बोल्ट दिसत नाहीत, बोटांना लागतात.

मग पॅनेल एका कोपऱ्यातून हलक्या हाताने हलवा. जो कोपरा मुळीच ढिला होत नाही, अडकण त्याच्याच आसपास. सगळं सुटल्यावरही डॅश दोन बोटं पुढे येऊन थांबला तर वायरिंगचा कपलर किंवा हीटरची केबल धरून आहे. हात मागे घालून सोडवा. स्टेअरिंगचा खांब खाली उतरवावा लागत असेल तर आधी सीटवर जाड चादर घाला.

13. फक्त मीटरचा बल्ब गेलाय. त्यासाठी काय काढू?

मीटरची चौकट आणि मीटरचे तीन-चार स्क्रू, बस्स. स्टेअरिंग खाली वाकत असेल तर वाकवून घ्या. जुन्या गाडीत मागे स्पीडोमीटरची केबल असते. तिच्या टोकाचा खटका दाबून ती सरळ बाहेर येते. हात पोहोचत नसेल तर गिअरबॉक्सच्या बाजूने केबल थोडी मोकळी करा, मीटर पुढे येतं. बल्बचा होल्डर डावीकडे पाव फेरा फिरवला की सुटतो. मागचा पारदर्शक छापील पट्टा नाजूक असतो, त्याला नख लावू नका. केबल उघडलीच आहे तर आतली तार काढून पुसून थोडं ग्रीस लावा. काटा थरथरणं बहुधा तिथेच थांबतं.

बल्बऐवजी एलईडी लावायचा विचार असेल तर आधी प्रश्न 17 वाचा.

14. एसीची कूलिंग कॉइल गळतेय. मेकॅनिक म्हणतो डॅश उतरवावा लागेल. खरं?

बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत नाही. कॉइलचा डबा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि ग्लोव्ह बॉक्स व त्याखालची पट्टी काढली की बाहेर येतो. हीटरची कॉइल मात्र बहुधा अगदी मधे आणि आत असते, तिथे अख्खा डॅश उतरवण्याला पर्याय नसतो. म्हणून मेकॅनिकला 'कुठली कॉइल?' एवढंच विचारा. भाव तिथल्या तिथे बदलतो.

गॅस घरी सोडू नका. तो निसटताना इतका गार असतो की कातडी भाजल्यासारखी होते. मशीनने काढून घ्या, आणि नळ्या परत जोडताना ओ-रिंग नव्याच घाला.

15. क्लिप तुटली, पॅनेलचा कानही तुटला. नवा मिळत नाही.

क्लिपचा प्रश्न छोटा आहे. छोट्या ग्वालटोलीच्या बाजारात जुनी क्लिप नमुना म्हणून हातात घेऊन जा, मापाची मिळते. कानासाठी पॅनेलची मागची बाजू बघा, प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशी करा आणि ती लावा; एक दिवस वाळू द्या, जोड पक्का होतो. पीपी (पॉलिप्रोपिलीन) असेल तर साधा कुठलाच गोंद धरत नाही. तिथे सोल्डरिंग आयर्नने बारीक तारेची जाळी आत वितळवून बसवतात. खिडकी उघडी ठेवून करा.

झटपट चिकटणारा गोंद मीटरच्या काचेजवळ वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते. एम-सीलने डॅश बॉडीला चिकटवणारेही पाहिलेत. खडखड थांबते, पण पुढच्या वेळी डॅश निघत नाही, तुकडे निघतात. खडखडीला जाड फेल्टची पट्टी पुरते.

16. टेपवाल्याने कंपनीचा कपलर कापून वायरी पिळून जोडल्यात. आता काय?

माझंही हेच झालंय. एका दुकानात नवा टेप बसवायला दिला, दोन वर्षांनी आत पाहिलं तर कपलर गायब आणि वायरींना नुसती चिकटपट्टी, तीही उन्हाने चिकट लगदा झालेली. नव्या टेपकडून येणाऱ्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात: पिवळी सदाचा करंट, लाल चावीचा, काळी अर्थ. गाडीकडच्या रंगांना मात्र असा नियम नाही, त्या मल्टीमीटरने ओळखायच्या. पोर्ट, छताचा दिवा किंवा घड्याळ टेप बसवल्याच्या दिवसापासून बंद असेल तर वायर शोधत फिरू नका. आधी टेपच्या मागे बघा. जोड सोल्डर करून हीट-श्रिंक नळी घाला आणि फ्यूज मूळ अँपियरचाच ठेवा.

17. मीटर दुरुस्तीला दिलंय. तोवर गाडी चालवली तर चालेल?

चालेल, पण दोन गोष्टी घडू शकतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत आल्टरनेटरला जाग आणणारा पहिला करंट मीटरमधल्या बॅटरीच्या लाल दिव्यातून जातो. मीटर नाही म्हणजे दिवा नाही, आणि आल्टरनेटर झोपलेला. महूपर्यंत जाल, परत येताना हेडलाइट मंद होतील. तो बल्ब उडाला असेल किंवा त्याच्या जागी एलईडी लावला असेल तरीही असंच होतं, कारण एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. मग रेस वाढवल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. बाकीचे बल्ब हवे तर एलईडी करा, हा एक जुन्या पद्धतीचाच ठेवा.

दुसरं, केबलच्या मीटरवाल्या जुन्या मारुतींत गाडीचा वेग ईसीएमला सांगणारा छोटा स्विच मीटरच्या आतच असतो. मीटर काढून फिरलात तर वेगाच्या सेन्सरचा कोड येतो. तो खरा बिघाड नाही. मीटर बसवा, कोड पुसा.

18. इंधनाचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकदमच चुकीचे दाखवतात. दोन्ही सेन्सर गेले?

दोन्ही एकाच दिवशी जात नाहीत. जुन्या ब्रिटिश वळणाच्या मीटरांत मागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो दोन्ही काट्यांना सारखाच पुरवठा करतो. तो किंवा त्याची अर्थ तपासा.

19. सीएनजी किट बसवल्यापासून इंजिनाचा दिवा लागलेला आहे, पण गाडी छान चालते.

सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणाऱ्या) किटला स्वतःचा वेगळा ईसीएम आणि स्वतःचं वेगळं पोर्ट असतं, बहुधा बोनटखाली. डॅशखालचं पोर्ट कोड सांगतं, पण तक्रारीचं मूळ किटमध्ये असू शकतं. एक दिवस पूर्ण पेट्रोलवर चालवून बघा. दिवा गेला तर किटवाल्याकडे ट्यूनिंगला न्या. पेट्रोलवरही राहिला तर प्रश्न 7.

20. पावसाळ्यातच कोड येतात, ऑक्टोबरात आपोआप जातात.

काचेखालच्या जाळीतला पाला काढा. तिथलं पाणी वाट चुकून डॅशच्या मागे, फ्यूज बॉक्सवर किंवा ईसीएमच्या कपलरवर ठिबकतं. कपलर उघडून हिरवा थर दिसतो का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो. उंदरांच्या लेंड्या सापडल्या तर वायरिंग हातभर पुढेमागे तपासा. उंदीर एकच वायर कुरतडून थांबत नाही.

21. दुसऱ्या गाडीचं मीटर बसवलं. किलोमीटर वेगळे दिसतात, काय करू?

आकडा फिरवून घेऊ नका. 'करून देतो भिया' म्हणणारे भेटतील, पण गाडी विकताना तीच फसवणूक ठरते. बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरांचा आकडा दिसेल असा फोटो काढा, तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहा आणि घेणाऱ्याला ते पान दाखवा. मीटर घेताना त्याच इंजिनाच्या, त्याच टायरमापाच्या मॉडेलचं घ्या, नाहीतर वेगही चुकीचा दिसेल. जुनं मीटर काचेसकट जपून ठेवा. पुढचा बल्ब-होल्डर त्याच्यातूनच निघणार आहे.